नीळकंठशास्त्र्यांच्या मागावर: पुणे, काशी, जौनपूर

रविवार, पुणे

प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी सकाळची उपासना चुकवायची नाही, असं मी ठरवलंच होतं. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा मी दारात होते. आठ घंटा आहेत, इंग्लंडात लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. माझं बालपण याच घंटांच्या आवाजात गेलं. या भागाला लोक अजून पंचहौदच म्हणतात, आणि पुण्याबाहेर हे नाव ठाऊक असतं ते फक्त चहामुळे. १८९० च्या ऑक्टोबरात इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले आणि इतर मंडळी जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीत बहिष्काराचा वाद, झालं. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं.

मला मात्र आजीमुळे आणखी एक नाव ठाऊक होतं. ती म्हणायची, "आपल्यात एक शास्त्रीबुवा होऊन गेले, काशीचे." रेव्हरंड नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे. मिशनच्या जुन्या मंडळींत ते 'फादर गोऱ्हे' होते.

यंदा सोबतीला मैत्रीण होती. चाळीस वर्षांची आमची मैत्री. ती संस्कृत शिकवून निवृत्त झाली, घरी सोवळंओवळं पाळत नाही, पण संध्येचे मंत्र अजून पाठ आहेत. मी काशीला जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "तू तुझे फादर शोध, मी माझे शास्त्री शोधते. माणूस एकच आहे, खोलीचं भाडं निम्मं पडेल." आज तीही उपासनेला आली, मागच्या बाकावर बसली आणि सगळे उठले की उठत राहिली.

दुपारी आम्ही कागद लावले. नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ चा, झाशीकडच्या काशीपुरा गावचा. घराणं कोकणस्थ, वाढले काशीत. न्याय, व्याकरण, वेदांत शिकले. विशीच्या आतबाहेर ख्रिस्ती धर्माविरुद्ध संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि तेविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं एका ओळीत मावतं. आम्हाला त्यातल्या 'आणि'पाशी जायचं होतं.

सोमवार आणि मंगळवार, गाडीत

ज्ञानगंगा एक्स्प्रेसनं पुणं सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मनमाड येईपर्यंत डबे उघडले गेले, पोळी-भाजी झाली, आणि मैत्रिणीनं 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'ची छायाप्रत काढली. हा ग्रंथ नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये लिहिला. शंभरेक वर्षांनी, १९५१ साली, उज्जैनच्या सिंधिया प्राच्य ग्रंथमाला उपक्रमात तो संपादून छापला गेला.

त्यामागची गोष्ट अशी. जॉन म्यूर नावाचा कंपनीचा एक स्कॉटिश अधिकारी. संस्कृतावर त्याचं मनापासून प्रेम. त्यानं १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' नावाचं पुस्तक संस्कृत श्लोकांत रचलं. धर्म खरा कोणता हे कसोट्या लावून पारखा, असं आवाहन करून त्यानं कौल ख्रिस्ती धर्माच्या बाजूनं दिला. पंडितांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात कुणी आव्हान देतं आहे हे नवीन होतं. तीन पंडितांनी उत्तरं लिहिली. त्यांतलं सर्वांत भरीव उत्तर आमच्या नीळकंठाचं.

मैत्रीण वाचत होती, मी ऐकत होते. भुसावळ मागे पडलं तेव्हा ती थांबली आणि चष्मा काढून म्हणाली, "हा मुलगा तयार होता गं." मुद्दा तिनं मला असा समजावला: जन्मतः कुणी आंधळा, कुणी धडधाकट, कुणी राजाच्या घरी, कुणी उपाशी. मुकी जनावरंही यातना भोगतात. पूर्वजन्मीचं कर्म मानलं तर याचा उलगडा होतो. पण देवानं प्रत्येक जीव नव्यानं, कोऱ्या पाटीसारखा निर्माण केला असेल, तर ही विषमता कुणाच्या माथी मारायची? आणि साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला न संपणारी शिक्षा, हा कुठला न्याय?

मी गप्प बसले. माझ्या वडिलांनाही हाच प्रश्न होता. ते तीस वर्षं मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेवक होते आणि आजारपणात त्यांनी मला हाच विचारला होता. त्यांना मी तेव्हा काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, आणि तेच मला अजून टोचतं.

रात्री इटारसीला जाग आली. पुढचा दिवस जबलपूर, कटनी, सतना करत सरला. प्रयागराज छिवकीला गाडी बराच वेळ उभी राहिली, तेव्हा मी मैत्रिणीला शास्त्रीबुवांच्या लेकीबद्दल सांगितलं. लक्ष्मी, १८५३ साली काशीत जन्मली. ती तान्ही असतानाच आई गेली. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज जोडप्यानं तिला वाढवलं, सत्तावनच्या धामधुमीत त्यांचं सगळं गेलं, मग एका मिशनरी कुटुंबानं तिला इंग्लंडला नेलं. तिकडे ती एलन लक्ष्मी गोऱ्हे झाली. १८८० मध्ये परत आली, याच अलाहाबादेत अनाथ मुलींचा आश्रम सांभाळला, आणि १९३७ मध्ये कानपुरात वारली. तिनं लिहिलेलं एक गीत, प्रभूच्या सान्निध्यातल्या लपण्याच्या जागेबद्दलचं, अमेरिकन प्रवचनकार मूडी यांच्या सभांमधून जगभर गेलं. आमच्याकडे इंग्रजी उपासनेत आजी ते गुणगुणायची. ती बाई मूळची गोऱ्ह्यांची, हे ती दर वेळी सांगायची.

बनारस स्टेशनात उतरलो तेव्हा अंधार झाला होता.

बुधवार, काशी

पहाटे पंचगंगा घाटावर. तिथून ब्रह्मा घाट, दुर्गा घाट. हा सगळा पट्टा म्हणजे काशीतला महाराष्ट्र. वर बिंदुमाधव, खाली अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ, गल्लीत नाना फडणविसांचा वाडा. एकनाथांनी भागवतावरची टीका पुरी केली ती याच काशीत. गागाभट्टांचं घराणंही पैठणाहून इथं आलेलं. चारशे वर्षं आपली माणसं इथं शास्त्र शिकत आणि शिकवत राहिली. नीळकंठ वाढला तो या पाठशाळांच्या आणि मराठी स्वयंपाकघरांच्या गल्ल्यांत.

दुर्गा घाटाच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. मला दोनदा बसावं लागलं. वरच्या अंगाला एका पाठशाळेत दहा-बारा मुलं संथा घोकत होती. गुरुजी पन्नाशीचे, पाचव्या-सहाव्या पिढीचे काशीकर. मराठीत मधूनच 'हां जी' येत होतं. मैत्रिणीनं नमस्कार करून विचारलं, "गुरुजी, नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे नाव ऐकलंय का?"

गुरुजींनी एकदा माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऐकलंय. आमच्या पणजोबांच्या काळापासून घरात तीच एक गोष्ट सांगतात. वादाला गेला आणि वादातच राहिला." थोडं थांबून म्हणाले, "पण बाई, वादाला जाणं वाईट नव्हे. पूर्वपक्ष नीट ऐकून घेतल्याशिवाय सिद्धांत मांडू नये, हे आम्हीच शिकवतो."

त्यांनी आम्हाला चहा दिला. पंचहौदची बाई काशीच्या वैदिकाच्या घरी चहा पिते आहे, हे लक्षात येऊन मैत्रिणीनं पंचहौद ग्रामण्याची गोष्ट काढली. टिळकांनी तेव्हा आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं होतं. गुरुजींना ते ठाऊक होतं. "सगळे शेवटी इथंच येतात," म्हणाले.

वादाला गेला, हे अगदी खरं आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ काशीत रस्त्यावर प्रवचन करायचे. त्यांना निरुत्तर करावं म्हणून नीळकंठ त्यांच्याकडे गेला. पुनःपुन्हा गेला. शास्त्रार्थात खंडन करायचं तर दुसऱ्याचा ग्रंथ वाचावा लागतो. तो बायबल वाचू लागला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्याला धरलं. मला यात फूस, आमिष, फितुरी काही दिसत नाही. घर खातंपितं होतं, विद्वत्तेला मान होता, सोडण्यासारखं सगळं होतं आणि मिळण्यासारखं जगाच्या हिशेबानं काहीच नव्हतं. आमच्या समाजाबद्दल 'तांदळाचे ख्रिस्ती', म्हणजे पोटासाठी धर्म बदललेले, म्हणून जे बोललं जातं ते ऐकत मी मोठी झाले. त्या पायऱ्यांवर बसून मला वाटलं, निदान या एका माणसाकडे बघून तरी ते शब्द परत घ्यावेत.

संध्याकाळी आरतीची गर्दी चुकवून आम्ही नावेतून परत आलो.

गुरुवार, सिगरा आणि संस्कृत विद्यापीठ

सिगऱ्याच्या सेंट पॉल्स चर्चच्या आवारात झाडं खूप. भोवती आता शहर दाटलं आहे, पण त्या काळी हे गावाबाहेरचं ठिकाण होतं. स्मिथसाहेबांच्या मिशनची वस्ती इथली. घाटापासून इथवर रिक्षानं अर्धा तास लागला. नीळकंठ हे अंतर चालत यायचा, आणि येताना घरचं कुणी पाहत तर नाही ना याची धास्ती असायची.

तिथून संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठात. जोनाथन डंकननं १७९१ मध्ये सुरू केलेलं संस्कृत कॉलेज ते हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर किट्टो यांनी बांधलेली गॉथिक इमारत पाहिली आणि मला एकदम पंचहौदचं देवालय आठवलं; टोकदार कमानी, रंगीत काचा, आणि आत न्याय-मीमांसेचे वर्ग. म्यूर काही काळ या कॉलेजचा प्रमुख होता. फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकन संस्कृतज्ञ इथं शिकवायचा, आणि त्यानंच नीळकंठशास्त्र्यांच्या मुख्य ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केलं.

तो मुख्य ग्रंथ म्हणजे 'षड्दर्शन दर्पण', १८६० चा, हिंदीत. आवारातल्या एका कडुनिंबाखाली आम्ही बसलो आणि काल रात्रीपासून अडलेला वाद पुढे नेला. सांख्य, न्याय, वैशेषिक यांचं खंडन त्यात आहे, पण शास्त्रीबुवा खरे रमतात ते वेदांतात. पारमार्थिक (अंतिम), व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातली) आणि प्रातिभासिक (नुसती भासणारी) अशा तीन सत्ता वेदांती मानतात. गोऱ्हे विचारतात: ब्रह्म एकच खरं, बाकी अज्ञानाचा खेळ, तर ते अज्ञान कुणाला झालं? ब्रह्माला म्हणावं तर ते निर्दोष उरत नाही. जीवाला म्हणावं तर जीवच अज्ञानातून निघालेला.

"हा आक्षेप रामानुजांनीही घेतलाय," मैत्रीण म्हणाली. "नवीन नाही. आणि व्यावहारिक सत्तेला ते 'खोटी' म्हणतात तिथं शंकराचार्यांवर अन्याय होतो." ती चांगलीच तापली होती. दोन विद्यार्थी बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांतला एक हळूच तिच्या बाजूनं बोलू लागला. मला त्यातलं निम्मंच कळलं. पण एक दिसलं: मेल्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी या माणसाशी असं भांडता येतं, कारण तो आपल्या भाषेत भांडतो. प्रमाण, अनुमान, अध्यास हे शब्द सोडून त्यानं धर्मांतर केलंच नाही.

मला स्वतःला ते खंडन कोरडं वाटतं. माझं मन लागतं ते त्यांच्या नंतरच्या एका म्हणण्यावर. ते म्हणाले की यहुद्यांखेरीज हिंदूंइतकं दुसऱ्या कुठल्याही लोकांना देवानं ख्रिस्तासाठी तयार केलेलं नाही. गीता-भागवतातली शिकवण त्यांना चुकीची वाटे. तरीही अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा हे शब्द आपल्याला तिथूनच मिळाले, असं ते मानत. ज्यानं सहा दर्शनांवर पोथी भरून टीका लिहिली त्याच माणसाचं हे बोलणं आहे. माझी आजी तुकारामाचे अभंग म्हणत देवालयात जायची; तिला कुणी जाब विचारला असता तर हेच उत्तर तिला पुरलं असतं.

शुक्रवार, जौनपूर

काशीहून साठेक किलोमीटर. रस्ता वाईट, बस भरलेली. अकराच्या सुमाराला गोमतीवरच्या शाही पुलावर उतरलो. अकबराच्या काळात मुनीमखानानं बांधलेला हा पूल अजून रहदारी झेलतो, आणि दोन्ही कडांच्या दगडी छत्र्यांतून दुकानं थाटली आहेत. एका छत्रीत औषधं, दुसरीत बांगड्या.

१४ मार्च १८४८ ला याच गावात नीळकंठाचा बाप्तिस्मा झाला. काशीत करणं शक्यच नव्हतं. मराठी आळी उसळली असती. मिशनरी साधारण नवं नाव सुचवायचे, त्याला मिळालं नहेम्या. बायबलातला नहेम्या इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा कोट पडला आहे हे कळल्यावर तो रडला, राजाची रजा घेऊन गेला आणि त्यानं कोट पुन्हा बांधला. मी पुलावर उभी राहून मैत्रिणीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे नहेम्या घरी परत गेला. यांना परत जायला घरच राहिलं नाही."

मी काहीच बोलले नाही. खरंच होतं. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घटस्फोट होता. वडील, भाऊबंद, पंगत, पाठशाळा, सगळं एका दिवसात तुटलं. आणि ज्यांच्यात ते गेले ते तरी कुठे आपले होते? १८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून ते इंग्लंडला गेले. पहिल्या शतकातल्या शिष्यांसारखी माणसं भेटतील अशी त्यांची कल्पना होती. लंडन पाहून ते खचले. ऑक्सफर्डमध्ये संस्कृतज्ञ मॅक्स म्युलरला भेटले तेव्हा त्यांच्या बोलण्यात हीच खंत होती: हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नाही. म्युलरनं ती भेट पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे.

दुपार चढली. अटाला मशिदीच्या थंड सावलीत आम्ही तासभर बसलो. १४०८ ची ती दगडी कमान, डोळ्यात मावत नाही इतकी उंच. बाहेर इमरती तळत होते, गुळाच्या रंगाची, जाड. ती खाताना मैत्रिणीनं विचारलं, "मग इतकं सोडून आलेला माणूस, त्याच्या शंका तरी मिटल्या का?"

नाही मिटल्या. हे मला फार मोलाचं वाटतं म्हणून इथं थोडं थांबते. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षं ते प्रचारक, लेखक, शिक्षक होते. सुरुवातीच्या मिशनरींच्या साध्या प्रॉटेस्टंट वळणापासून ते हळूहळू पुरातन मंडळी, संस्कार आणि संन्यस्त जीवन मानणाऱ्या अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या त्या गटाकडे, सरकले. १८६८ मध्ये कलकत्त्याच्या बिशप मिलमन यांनी त्यांना डीकन (धर्मगुरुपदाची पहिली पायरी) आणि १८७० मध्ये प्रीस्ट (पूर्ण धर्मगुरू) केलं. चांदा, महू, इंदूर, मुंबई, पुणे अशी त्यांची सेवा झाली. मुंबई-पुण्यात प्रार्थनासमाजाच्या मंडळींपुढे व्याख्यानं दिली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या संन्यासी संघात, १८७६ च्या सुमाराला, उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि उमेदवारच राहिले; शेवटची शपथ त्यांनी घेतली नाही. मनातल्या प्रश्नांनी त्यांना कधी सोडलं नाही. तरी रोजची प्रार्थना, उपास, जाडंभरडं वस्त्र, लोकांच्या घरी जाणं, हे चाललंच.

पंडिता रमाबाई भेटली ती अशाच फादर गोऱ्ह्यांना. ती पुण्यात आली १८८२ मध्ये: संस्कृतज्ञ, कोकणस्थ, विधवा, तडफदार. ती १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे तिनं बाप्तिस्मा घेतला. तिच्या मनातल्या बौद्धिक अडचणींना फादर गोऱ्ह्यांच्या लेखनानं वाट करून दिली. येशूच्या ईश्वरत्वाविषयी ती अडली तेव्हाही त्यांनी तिला प्रमाणांनिशी लिहिलं. एका शास्त्र्यानं दुसऱ्या शास्त्रिणीला लिहावं तसं. शंका म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाकडूनच तिनं ते ऐकून घेतलं असणार, असं मला वाटतं.

शनिवार, महानगरी एक्स्प्रेस

दिवसभर गाडी. मैत्रीण माझ्याकडची 'षड्दर्शन दर्पणा'ची प्रत घेऊन वरच्या बर्थवर. मी झोपले.

रविवार, मुंबई

सामान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ठेवून टॅक्सीनं मझगाव. सेंट पीटर्स चर्च काउलीच्या फादरांकडे होतं; १८७४ मध्ये ते मुंबईत आले तेव्हापासून गोऱ्हे त्यांच्याशी जोडले गेले. २९ ऑक्टोबर १८९५ ला ते मुंबईतच वारले.

आत संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. कुणीतरी बाकांवर गीतपुस्तकं मांडत होतं. आम्ही मागे बसलो. मी वडिलांसाठी प्रार्थना केली, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचा तो प्रश्न देवापुढे जसाच्या तसा, उत्तर न जोडता, ठेवला.

मैत्रीण हळूच म्हणाली, "गेल्या रविवारी पंचहौदला तुम्ही सगळे उभं राहून एक म्हणालात. 'मी विश्वास ठेवतो' असं सुरू होणारं."

"हो. दर रविवारी म्हणतो."

"शंका असली तरी?"

"असली तरी. म्हणून तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं."

ती मान हलवून गप्प राहिली. रात्री पुण्याच्या बसमध्ये तिनं पुन्हा ती प्रत काढली. खोपोली ओलांडून घाट लागला तरी मोबाईलच्या उजेडात ती वेदांताच्या प्रकरणावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अज्ञान कुणाला झालं, याचं उत्तर लिहितेय. शास्त्रीबुवांना कुणीतरी नीट उत्तर द्यायला हवं."